छप्पन्न अंशांवर अर्धा तास

पहाटेपासून पूर्वेचा कोरडा वारा सुटला होता. करामोजाच्या माळरानाकडून येतो तो वारा. येताना तांबडी धूळ आणतो, आणि ती दातांखाली कचकचते, चहावर सायीसारखी बसते. इस्पितळाच्या मागच्या अंगणात ओकालेबो मेंढ्याला दोन गुडघ्यांत आवळून बसला होता. मानेवरची लोकर त्यानं पात्यानं तासली, अंगठ्यानं शीर दाबून फुगवली आणि सुई एका दमात आत घातली. काळसर रक्त बाटलीतल्या साखर-मिठाच्या पाण्यात उतरू लागलं, तसा तो बाटली हलक्या हातानं गोल फिरवू लागला.

"झालं, मिनिस्टर, झालं. आणखी दोन मिनिटं."

मेंढ्याचं नाव मिनिस्टर. खातो भरपूर, काम काही नाही आणि सगळ्यांकडून खुशामत करून घेतो, म्हणून.

बालवॉर्डाच्या दारातून सिस्टर असेकेन्ये बर्फाचा डबा घेऊन आली. तोंडावर धुळीसाठी पदर बांधावा तसं फडकं बांधलेलं.

"मामा, काय तो लाड! घरी एवढ्या गोडीनं बोलला असतात तर मामी लेकीकडं जाऊन बसल्या नसत्या."

"मामी लाथ मारते. हा मारत नाही." ओकालेबोनं सुई काढून शिरेवर बोट दाबलं. "डब्यात काय आणलंस?"

"कालची ती पोर, अमोडिंग. सकाळचं रक्त. लघवी अजून काळीच होतेय. डॉक्टरबाई म्हणाल्या, मामांना तपासणी करायला सांग. आणि पटकन म्हणाल्या."

"पटकन म्हटल्यानं रक्त गोठत नसतं, सिस्टर."

"ते तुम्हीच सांगा त्यांना. मला नका तोंडघशी पाडू."

रविवार होता. शनिवार-रविवारची प्रयोगशाळा ओकालेबोची, हे दोन वर्षांपासून ठरून गेलेलं. बाकीचे पाच दिवस अलुपो नावाची शिकलेली मुलगी बघायची. ओकालेबो बासष्ट वर्षांचा. इस्पितळातले सगळेच त्याला मामा म्हणायचे, डॉक्टर अपोलोटसुद्धा.

हा माणूस मूळचा गुरांचा. बापाच्या वाड्यात त्रेचाळीस गुरं होती आणि राखणीला चार कुत्री. एकोणिसाव्या वर्षी सरकारच्या जनावरांच्या प्रयोगशाळेनं त्याला घेतला तो शिक्षणासाठी नव्हे. उधळलेल्या बैलाची मान धरून तो त्याला जागच्या जागी उभा करू शकायचा, एवढ्यासाठी. तिथं गुरांच्या फुप्फुसाच्या साथीची तपासणी चालायची. प्रमुख होता म्हातारा ओचोम. त्यानं ह्या पोराला मान धरण्यावरून काचेच्या नळ्यांवर आणला. रक्त नळीत निवांत उभं करायचं. तासाभरात लाल गठ्ठा खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी सुटतं, तेच सीरम. ते अलगद काढायचं आणि सगळ्यात आधी गरम पाण्याच्या पेटीत उभं करायचं. छप्पन्न अंश, अर्धा तास. एक अंश कमी नाही, एक मिनिट कमी नाही.

"कशाला तापवायचं?" ओकालेबोनं एकदा विचारलं होतं.

"त्यात खोड्या असतात. मरतात," ओचोम म्हणाला होता, आणि वर टपली मारली होती. "कच्चं सीरम माझ्या टेबलावर आणलंस तर तुलाच पेटीत बसवीन."

अठरा वर्षं त्यानं कच्चं सीरम टेबलावर ठेवलं नाही.

मग बंदुकवाले आले. दोन-तीन वर्षांत आमच्या तेसो भागातली गुरं पार हाकून नेली. एवढी की पोरांना शेणाचा वास कसा असतो ते विचारायची पाळी आली. गुरं नाहीत म्हणजे तपासणी नाही. प्रयोगशाळेचे पत्रेसुद्धा लोकांनी काढून नेले. ओकालेबोनं काय वाचवलं, तर ती गरम पाण्याची पेटी. पितळेची, दोन हात लांब. सायकलच्या कॅरिअरला बांधून त्यानं ती छावणीत आणली आणि तीन वर्षं पालथी घालून तिच्यावर बायकोनं भाकरीचं पीठ मळलं. त्याच छावणीत त्याचा धाकटा, एमारू, पाच वर्षांचा, तापानं गेला. तीन दिवस लघवी काळ्या चहासारखी. त्या वेळी कुणी रक्त घेतलं नाही, कुणी काही मोजलं नाही. चौथ्या दिवशी पुरला.

आमच्या इस्पितळानं पुढं ओकालेबोला घेतला तो पेटीसकट, कारण इस्पितळाकडं तशी पेटी नव्हती. आल्या आल्या एड्सची वर्षं सुरू झाली. त्या दिवसांत आलेलं प्रत्येक सीरम आधी तापवायचं, हात सुरक्षित राहतात, असा हुकूमच होता. म्हणजे सवय आणखी मुरली. नळी हातात आली की पाय आपोआप पेटीकडं वळायचे.

डॉक्टर अपोलोट इथलीच लेक. बाहेर देशी जाऊन रक्तातल्या राखणीचं शास्त्र शिकून आली, आणि काळ्या लघवीच्या पोरांचाच अभ्यास करायचा म्हणून हट्टानं परत आली. काम सुरू करायच्या दिवशी तिनं सगळ्यांना आंब्याखाली बसवून सांगितलं होतं, "रक्तात एक राखणदार जमात असते. कॉम्प्लिमेंट म्हणतात. वाड्यावरची कुत्रीच समजा. जंतू आत शिरला की तुटून पडतात, त्याला भोकं पाडतात. पण कधी कधी ही कुत्री पिसाळतात आणि आपल्याच गुरांना चावत सुटतात. पोरांच्या लाल पेशी आपल्याच रक्तात फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो, मूत्रपिंडं जळून जातात. ही कुत्री पिसाळली आहेत का, ते मला मोजायचंय."

ओकालेबोनं त्याच दिवशी शनिवार-रविवार मागून घेतले होते. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

मोजायची रीत सोपी होती. मिनिस्टरच्या लाल पेशींवर औषध चढवायचं आणि त्यात पोराच्या सीरमचे थेंब टाकायचे. कुत्री जिवंत असतील तर ती पेशी फोडतात आणि नळी काठोकाठ चेरीसारखी लाल, आरपार होते. कुत्री मेलेली असतील तर पेशी तशाच खाली बसतात. वर स्वच्छ पाणी, तळाला लाल गुंडी.

दोन वर्षांत वेगळंच निघालं. जगलेल्या बहुतेक पोरांच्या नळ्या लाल. मेलेल्या चौदांपैकी बारांच्या नळ्यांत गुंडी. डॉक्टरबाई आठवडाभर जेवल्या नव्हत्या म्हणे. मग त्यांनी मत फिरवलं. कुत्री पिसाळत नाहीत. लढून लढून मरतात, आणि राखण नाही म्हणून पोर जातं. मग नवी कुत्री द्या. निरोगी माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी, प्लाझ्मा, त्यात ती भरपूर असतात. कमिटीची परवानगी आली. महिन्याभरात दोन पोरांना दिला. एक चालत घरी गेलं, एक गेलं. आजची अमोडिंग तिसरी; तिच्या कालच्या नळीत गुंडी होती, म्हणून.

त्या रविवारी पहाटेच वीज गेली होती. जनरेटर होता तो वॉर्डाला आणि फ्रीजरला. ओकालेबोनं पेटीत बोट बुडवलं. पाणी गार.

तो चडफडला. चुलीवर पाणी तापवून छप्पन्नला आणता आलं असतं, पण अर्धा तास तिथंच टिकवणार कसं? साठाच्या वर गेलं तर सीरमची खीर होते. सदतीस अंशांचं पाणी मात्र थर्मासमध्ये दोन तास राहतं, आणि मोजणीला तेवढीच ऊब लागते. सीरम तसंच घ्यायचं त्यानं ठरवलं, पण अंघोळ न करता देवळात निघाल्यासारखं त्याला वाटत राहिलं.

नळ्या थर्मासमध्ये उभ्या करून तो अर्धा तास बसला. बाहेर प्रार्थनेची घंटा झाली. साडेनऊला नळ्या उचलून त्यानं उजेडात धरल्या.

सगळ्या लाल. काठोकाठ. एकाही नळीत गुंडी नाही. सीरम दहा पट पातळ केलेली नळी लाल, वीस पट केलेली लाल. एवढं जोरकस त्यानं अलुपोच्या नळ्यांत निरोगी माणसाचंही पाहिलं नव्हतं.

आधी त्याला वाटलं, मिनिस्टरचं रक्त खराब निघालं. नुसत्या पेशींची नळी पाहिली; ती ठीक होती, तळाला गुंडी. मग तो स्टुलावर बसला. भिंतीवर डॉक्टरबाईंनी चिकटवलेला कागद होता. दोन वर्षं रोज बघितलेला. रक्त गोठल्यावर सीरम काढा, लगेच बर्फात ठेवा. त्यात तापवण्याचा शब्द नव्हता.

त्यात खोड्या असतात, मरतात.

खोड्या म्हणजे काय, ते ओचोमनं सांगितलं नव्हतं. ते आज नळीत लालभडक दिसत होतं.

बरोबर दहाला वीज आली. पेटीचा तांबडा दिवा लागला. चुलीवरचं आधण ओतून त्यानं पाणी लगेच छप्पन्नवर आणलं. उरलेल्या सीरमचे त्यानं दोन भाग केले. एक बर्फात, एक पेटीत. छप्पन्न अंश, अर्धा तास. मग पुन्हा पेशी, पुन्हा थर्मास, पुन्हा अर्धा तास. मधे एकदा तो दारापर्यंत गेला. अंगणापलीकडं वॉर्डाची खिडकी दिसत होती, आणि खिडकीत खांबाला टांगलेली पिवळी पिशवी. तो परत येऊन बसला. खात्री नसताना कसं सांगायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दुसरंही मनात होतंच. दोन्ही नळ्या मोरीत ओतल्या आणि वहीत 'गुंडी' लिहिलं, तर जगात कुणाला कळणार नव्हतं. वीज गेली होती एवढंच लोकांना ठाऊक.

अकरा वाजता एका नळीत गुंडी होती आणि एक लाल होती. दोन्ही एकाच पोरीच्या.

तो अंगण ओलांडून वॉर्डात गेला. अमोडिंग सहा वर्षांची, डोळे पिवळे, ओठ फुटलेले. आई खाटेच्या कडेला बसून तिच्या तळपायांवर फुंकर घालत होती. पिशवी अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. डॉक्टर अपोलोट लघवीची बाटली उजेडात धरून बघत होत्या.

"डॉक्टर, ती पिशवी बंद करा."

"काय झालं?"

"आधी बंद करा. मग सांगतो."

बाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि नळीवरचं चाक फिरवलं. थेंब थांबला.

"या इकडं," त्या म्हणाल्या, आणि त्याला औषधांच्या कपाटाआड घेऊन गेल्या. सिस्टर असेकेन्ये मागून आली.

ओकालेबोनं दोन्ही नळ्या पुढं केल्या. "दोन्ही हिच्याच."

"असं कसं होईल?"

"ही गुंडीची तापवलेली. ही लाल न तापवलेली."

"तापवलेली? कुणी सांगितलं तापवायला?"

"कुणी नाही."

"मामा." बाईंचा आवाज बारीक झाला. "आधी कधी तापवलं होतंत?"

"दर शनिवारी. दर रविवारी."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"भिंतीवर लिहिलंय! एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, बर्फात ठेवा म्हणून!"

"ठेवलंच की," ओकालेबो म्हणाला. "तापवून झाल्यावर."

सिस्टरनं तोंडावरचं फडकं डोळ्यांपर्यंत ओढलं. बाई औषधांच्या खोक्यावर बसल्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"गुंडीची बारा पोरं," त्या शेवटी म्हणाल्या. "ती शनिवार-रविवारचीच असणार. असणारच. गावोगावचे दवाखाने शुक्रवारी दुपारी कुलूप लावतात. मग आया दोन दिवस वाट बघतात, सायकलवरून आणतात, आणि पोर पोचतं तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. म्हणून ती मेली. कुत्री मेली म्हणून नव्हे. कुत्री तुम्ही मारलीत, मामा. नळीत."

"होय."

"म्हणजे मी पहिल्यांदा म्हणत होते तेच... ही पिसाळलेलीच आहेत. आणि मी त्यांच्यात आणखी सोडली." त्यांनी पिशवीकडं पाहिलं. "कंपालातल्या परिषदेत उभं राहून सांगितलं मी, कुत्री मरतात म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

पलीकडं कुठलं तरी पोर पेजेसाठी रडत होतं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"साडेनऊला दिसलं."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग त्याच्याकडं पाहिलं.

"खात्री करत होतो," ओकालेबो म्हणाला.

"दीड तास?"

"अर्धा तास तापवायला. अर्धा बघायला." बाकीच्या अर्ध्याबद्दल तो बोलला नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस अमोडिंगला ताजं रक्त दिलं, सलाईन दिलं, जे जे होतं ते दिलं. सोमवारी लघवीच थांबली. अंग सुजलं. मंगळवारी दुपारी, आई पेज आणायला गेली होती तेवढ्यात, ती गेली.

पिशवीनं गेली का? सिस्टरनं हे बाईंना विचारलं, ओकालेबो समोर असतानाच.

"सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पिशवी दिली नसती तरी कदाचित गेली असती. मला नाही सांगता येणार, यांना नाही, कुणालाच नाही." मग खालच्या आवाजात, "महिन्यापूर्वीच्या त्या पोराचंही नाही."

मंगळवारी संध्याकाळी अमोडिंगची आई प्रयोगशाळेच्या दाराशी आली. भावाची सायकल बाहेर उभी होती, कॅरिअरवर चटईत गुंडाळलेलं लेकरू. आई आत आली नाही. उंबऱ्यापाशीच थांबली.

"मामा, तिचं रगत तुमी घेतलं व्हतं ना?"

"घेतलं होतं."

"त्ये अजून हाय का तुमच्यापाशी? आमच्यात मानूस अर्धं पुरत न्हाईत. जे हाय त्ये समदं संगट जातं. न्हाईतर ते घराभवती फिरतं."

ओकालेबोनं फ्रीज उघडला. सीरम काढल्यावर खाली उरलेला गठ्ठा एरवी भट्टीत जातो. हा त्यानं रविवारपासून टाकला नव्हता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. अंगठ्याएवढी नळी, तळाला गडद लाल गोळा.

आईनं नळी तळहातावर घेतली. "येवढंच?"

"त्याच्या वरचं पाणी आहे. ते आमच्याकडं ठेवायचंय."

"कशाला?"

दारात वारा सुटला होता. सायकलजवळ उभा असलेला भाऊ चटईची दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

"त्यातनं कळलं की आम्ही चुकत होतो," ओकालेबो म्हणाला. "मी चुकत होतो."

"माज्या पोरीच्या बाबतीत?"

"ठाऊक नाही, बाई. तिच्या बाबतीत ठाऊक नाही. आधीच्या बाबतीत ठाऊक आहे."

मग तिनं नळी लुगड्याच्या टोकात बांधली, गाठ दातांनी घट्ट केली, आणि वरच्या पाण्याबद्दल होय-नाही काहीच न बोलता निघून गेली. सायकल ढकलत ते दोघं फाटकाबाहेर पडेपर्यंत ओकालेबो दारात उभा होता.

बुधवारी सकाळी डॉक्टर अपोलोट प्रयोगशाळेत आल्या. हातात दोन वर्षांच्या वह्या होत्या. शनिवार-रविवारच्या पानांवर त्यांनी पेन्सिलीनं आडव्या रेघा मारल्या होत्या, एकेका पानावर एकेक, पट्टी लावून.

"कमिटीला पत्र गेलं," त्या म्हणाल्या. "प्लाझ्मा बंद. कंपालालाही लिहिलंय. तुमचं नाव नाही घातलं. प्रयोगशाळेतली चूक एवढंच लिहिलंय."

"घातलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं नसतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मी चौथी पिशवी लावली असती." त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. "पण शनिवार-रविवार आता अलुपो बघेल. मी तिच्याशी बोललेय."

ओकालेबोनं मान हलवली. "आणि मिनिस्टर?"

"मिनिस्टर तुमच्याकडंच. त्याला दुसरं कोण धरणार?" जाता जाता बाई दारात वळल्या. "मामा, तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतंत. किंवा मी तुमच्याजवळ दहा मिनिटं उभं राहून बघायला हवं होतं. दोन वर्षांत मी एकाही रविवारी इथं आले नाही. चर्चला जात होते."

त्या गेल्यावर ओकालेबोनं पेटीची वायर काढली. पाणी मोरीत ओतलं, कोपऱ्यात जमलेला पांढरा थर नखानं खरवडला, पितळ फडक्यानं पुसलं आणि पेटी मांडणीवर पालथी ठेवली. छावणीत ठेवायचा तशीच.

बाहेर मिनिस्टर दोरी ताणून ओरडत होता. सकाळपासून त्याला कुणी काही घातलं नव्हतं. ओकालेबोनं कोयता घेतला आणि कुंपणापलीकडच्या रताळ्याचे वेल कापायला गेला.